आत्याचे तीन गुरुवार

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, कारण एकदा बोलत सुटले की महत्त्वाचं तेच माझं राहून जातं. माझ्या आत्याच्या अंगात देवी येत नव्हती. तिच्या स्वादुपिंडात एक गाठ होती, वाटाण्याएवढी. हे मी त्या वर्षी जिन्यात सांगितलं, गच्चीवर सांगितलं, टँकरच्या रांगेत कळशी हातात धरून सांगितलं, आणि एका माणसाने पहिल्या फटक्यात पूर्ण ऐकून घेतलं असेल तर शपथ. म्हणून इथे सुरुवातीलाच टाकलंय, आता मध्ये कोणी बोलू शकत नाही. लोक आठवणी साठीनंतर लिहितात, मला माहितेय. मी अजून चाळिशीला पण पोचले नाहीये. पण साठीपर्यंत गप्प बसायचा माझा स्वभाव नाही, आणि माझ्या गळ्यावरची आडवी रेघ बघून 'हे काय गं?' विचारणाऱ्यांना एकदाच सगळं वाचायला द्यावं असा पण एक विचार आहे.

आम्ही परळची चाळ सोडून पेणकरपाड्याजवळ वन बीएचकेमध्ये राहायला आलो होतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. किचनच्या खिडकीतून आधी लांबवर मिठागरं चमकायची, मग एक बिल्डिंग उभी राहिली, मग दुसरी, मग आम्हाला फक्त दुसऱ्यांची किचनं दिसायला लागली. सकाळ उजाडायची ती पाण्याच्या पंपाच्या घरघरीने आणि समोरच्या ज्योत्स्नाबेनच्या थेपल्यांच्या वासाने. आणि आमच्या किचनमधून वास यायचा कुळथाचा. रोज. कारण बाबांना मुतखडा. एक पडला की दुसरा तयार. गॅसवर एका बाजूला भाजी, दुसऱ्या बाजूला कुळीथ उकळतायत, खिडकीत पानफुटीची कुंडी, फ्रिजच्या दारात बार्लीचं पाणी. बाबा बाथरूममध्ये गुरासारखे ओरडायचे आणि बाहेर आले की पडलेला खडा धुऊन होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत टाकायचे. पाहुणे आले की बाटली वाजवून दाखवायचे. "आमच्या घराण्यात हे असतंच," असं बोलायचे, जसं काही जहागिरी आहे. आजोबांना पण खडे होते. शिवाय आजोबांना पोटात अल्सर होता, ते रक्ताच्या उलट्या होऊन गेले, तेसुद्धा 'आमच्या घराण्याचं पित्त' या नावाखाली जमा. आई वैतागून बोलायची, "तुमचं घराणं म्हणजे नुसता दवाखाना आहे. मला कोणी आधी सांगितलं असतं तर!"

रेखाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न दहिसरला झालं होतं आणि चौदा महिन्यांत मोडलं. का, तर सकाळची उठायची नाही. उठवली तर सासूला विचारायची, "तुम्ही कोण?" एकदा भरलेला चहाचा कप सासऱ्यांच्या मांडीवर उलटा केला आणि हसत बसली. आणि अकरा वाजता पोटात काहीतरी गेलं की हीच बाई गोऱ्यामोऱ्या चेहऱ्याने, "मी? मी कधी असं केलं?" सासरच्यांनी निरोप पाठवला, डोक्याने अधू मुलगी आमच्या गळ्यात बांधलीत, घेऊन जा. बाबा गेले आणि तिला घेऊन आले. तेव्हापासून ती आमच्या हॉलमधल्या दिवाणावर. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगवर लक्ष ठेवायची नोकरी करायची, कामात एकदम चोख, आणि दर दोन तासांनी खायची. तिच्या पर्समध्ये चिक्की, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा, केळं, हे कायम. त्यामुळे अंग सुटलेलं. आई तिच्यासमोरच बाबांना विचारायची, "अहो, ही पर्स आहे का किराणा मालाचं दुकान?" आत्या हसण्यावारी न्यायची. बिस्किट चहात बुडवायची आणि हसायची.

आमच्या घरातली साधी एक सकाळ सांगते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल की आम्ही किती ग्रेट माणसं होतो. आई दिवाणापाशी जाऊन, "रेखा, ऊठ, साडेसात वाजले." आत्या डोळे सताड उघडे ठेवून, "मास्तर, माझी पाटी फुटली." आई, "घ्या. सुरू झालं." आत्याचा गाऊन घामाने चिंब, डिसेंबरातसुद्धा. हात थरथरतायत. मग एकदम चिडायची, उशी भिरकावायची, बाबांना शिव्या द्यायची. बाबा पेपरमागून, "तापट आहे, काय करणार, आमच्या घराण्यात..." आणि आई दात-ओठ खात तिच्या तोंडाला चहा लावायची, तीन चमचे साखर घातलेला, कारण आत्याला तसाच लागायचा. पंधरा मिनिटांत आत्या चादरीची घडी घालत असायची. "वहिनी, पंखा बंद होता का गं? मला एवढा घाम कसला आला?" हे रोज! रोज आमच्या डोळ्यांसमोर साखर आत जायची आणि माणूस परत यायचं, आणि तीन शहाणी माणसं बघून विचार काय करायची, तर हिची नाटकं कधी संपणार. त्यात मी अकरावी सायन्सला! इन्सुलिनवर टीप लिहा, चार मार्क, मला चारपैकी चार होते! आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

डॉक्टरला दाखवलं नाही असं नाही. नाक्यावरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा गॅस सांगितला, दुसऱ्यांदा टेन्शन, आणि तिसऱ्यांदा बाबांना बाजूला घेऊन बोलले, दुसरं लग्न लावून द्या, सगळं बंद होईल. तिन्ही वेळेला आत्या तिथे खाऊनपिऊन संध्याकाळी गेली होती, मस्त हसत-बोलत. त्यांना तरी काय दिसणार?

मग मार्गशीर्ष आला. आई दर गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडायची, दिवसभर उपास, संध्याकाळी बिल्डिंगमधल्या सहा-सात बायका कथेला यायच्या, आरती, नैवेद्य, मग जेवायचं. त्या वर्षी पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी आत्याने नैवेद्यासाठी आणलेला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. एक लाडू. आईने घर डोक्यावर घेतलं. "एक दिवस तोंडाला कुलूप लावता येत नाही? देवाच्या आधी स्वतःचं पोट! म्हणून तर..." आणि तिथे थांबली. त्या 'म्हणून तर'च्या पुढे काय होतं ते सगळ्यांना कळलं. आत्या लाल झाली. "उद्या मी पण उपास धरते. कडक. चहा नाही, पाणी नाही." गुरुवारी तिच्या कारखान्याला सुट्टीच असायची. आई बोलली, "बघू या की."

सकाळच्या चहाला ती नाही बोलली आणि दिवाणावर पडून राहिली, घामेजलेली, अर्धवट झोपेत. आईला वाटलं, झोप काढून उपास ढकलतेय. संध्याकाळी बायका जमल्या. पहिल्या मजल्यावरच्या भोसलेकाकू पुढाकारात, त्यांचा आवाज खणखणीत, कथा त्याच वाचायच्या. त्याआधी हळदीकुंकू. भोसलेकाकूंचं बोट एकेकीच्या कपाळाला लागत लागत आत्यापर्यंत आलं आणि नेमकं पलीकडच्या ज्योत्स्नाबेनकडे वळलं. नेहमीचंच होतं. परत आलेल्या बाईला लावायचं का नाही हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून कोणी लावायचंच नाही. आत्या नेहमीसारखी जमिनीकडे बघत बसली. कथा अर्ध्यावर आली आणि आत्या डोलायला लागली. केस सुटले, चेहऱ्यावरून घामाच्या धारा, नजर कुठेतरी भिंतीच्या पार. घशातून घोगरा आवाज. तिने एक हात उचलला आणि ओरडली, "कुकर बंद कर!"

भोसलेकाकूंनी पोथी खाली ठेवली. "आली," त्या कुजबुजल्या. "आई आली."

मी म्हटलं, "काकू, तिला रोज सकाळी असंच होतं."

"रोज येते? अगं बाई, आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

झालं! ज्या बाईच्या कपाळापाशी पाच मिनिटांपूर्वी बोट वळलं होतं, तिच्या कपाळावर आता मळवट. पायावर पाणी. ज्योत्स्नाबेन हात जोडून पुढे, "माताजी, मेरे जिग्नेश का वीसा आयेगा?" माताजी बोलली, "कुकर बंद कर." ज्योत्स्नाबेनचे डोळे भरून आले. "मतलब धीरज रखने को बोलती है. दबाव मत डालो, ऐसा." मी बघतेय, आत्याचे ओठ पांढरे पडलेत, बोटं थडथड उडतायत. मला एकदम सकाळ दिसली. ही तर सकाळच आहे, फक्त हिला चहा मिळालेला नाहीये. मी नैवेद्याच्या वाटीतली साखर मुठीत घेतली आणि तिच्याकडे सरकले. भोसलेकाकूंनी माझं मनगट धरलं. "वेडी आहेस का? देवीचा उपास मोडतेस?" मी बोलले, "प्रसाद आहे, प्रसाद देतेय देवीला!" आणि मनगट सोडवून घेत साखर आत्याच्या गालात कोंबली, वर दूध ओतलं. अर्धं अंगावर सांडलं. दहा मिनिटांनी आत्याने कपाळाला हात लावून बघितला. "हे काय लावलंय मला?" भोसलेकाकू माझ्याकडे रागाने बघत बोलल्या, "गेली. घालवलीस."

मी आईला रात्रीच्या जेवणाला सांगितलं, बाबांना सांगितलं, वहीत आकृती काढून दाखवली: इन्सुलिन, साखर, मेंदू. बाबा बोलले, "अकरावीत गेलीस म्हणजे डॉक्टर झालीस का?" आणि आई, जिने सात वर्षं आत्याच्या खाण्यावरून डोकं पिकवलं होतं, ती आई भात वाढता वाढता एकदम हळू आवाजात बोलली, "कोणास ठाऊक. आपल्या घरी काही चांगलं व्हायचं असेल." पुढच्या आठवड्यात वाण्याने तिला ताई म्हणायचं सोडून माऊलींच्या वहिनी म्हणायला सुरुवात केली. मुर्ध्याहून मासळी घेऊन येणारी कोळीण, जिच्याकडून गुरुवारी कोणी काही घेत नाही, ती पण टोपली खाली ठेवून दारात. "ताय, देवी हाय का घरान?" मी बोलले, "न्हाय, कामाला गेली हाय." आईने मला चिमटा काढला.

दुसऱ्या गुरुवारी आत्याने परत कडक उपास धरला, आणि संध्याकाळी वीसेक बायका होत्या. चपला जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत. यावेळी माझा बंदोबस्त आधीच झाला होता, मला किचनमध्ये नारळ खवायला बसवलं आणि दारात भोसलेकाकूंची जाऊ. देवी आली. एकीला बोलली 'पाटी फुटली', तिने लगेच मुलाची शाळा बदलायचं ठरवलं. शेवटी मी तांब्यात मूठभर साखर विरघळवली आणि 'तीर्थ, तीर्थ' करत घुसले. तीर्थाला कोण अडवणार? पण यावेळी आत्याला परत यायला जास्त वेळ लागला आणि आल्यावर तिला स्वतःचं नावच पटकन आठवेना. मी घाबरले. खरंच घाबरले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली तशी तिला गच्चीवर घेऊन गेले. तिने चिक्कीचा तुकडा मोडून मला दिला, एक स्वतः खाल्ला. मी सगळं सांगितलं, परत आकृतीसकट. मुंबईत मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जाऊ, फक्त रक्त काढतील. ती ऐकत होती आणि टाक्यांच्या पलीकडे बघत होती.

"श्वेतू, काल भोसलेवहिनी माझ्या पाया पडली."

"अगं, पण ते..."

"मला आठवत नाही, पण सगळ्या सांगतात. सात वर्षं मी या घरात बसते. सात वर्षांत कोणी मला कुंकू विचारलं नाही. दहिसरला मी वेडी होते. इथे मी खादाड होते. आता कुठे काहीतरी झालेय, तर तू मला पेशंट करायला निघालीस?"

"आत्या, तू मरशील!"

"देवी असताना?" ती हसत बोलली, पण तिला ते थोडं खरं वाटत होतं. मी इतकी चिडले की रडायलाच लागले. तिला काही झालं तर मी सोडणार नाही, कोणाला सोडणार नाही ते सांगता येईना, पण सोडणार नाही. तिने माझे डोळे पुसले, आणि ऐकलं काहीच नाही. त्या वयात माझ्या मनात आलं, ही मोठी माणसं मूर्ख आहेत. आता वाटतं, तिचा हिशोब इतकाही चुकीचा नव्हता. रोजच्या अपमानापेक्षा आठवड्यातून एकदा बेशुद्ध होऊन मान मिळत असेल तर मी तरी काय निवडलं असतं, मला माहीत नाही.

तिसऱ्या गुरुवारी देवी आलीच नाही. भोसलेकाकूंनी कथा वाचली, आरती झाली, सगळ्यांच्या नजरा आत्यावर, आणि आत्या भिंतीला टेकून नुसती गप्प. मग तिचा एक गाल फडफडायला लागला. मग सगळं अंग ताठ, आणि ती चौरंगावरच आडवी झाली. कलश कलंडला, नारळ गडगडत सोफ्याखाली गेला, तोंडातून फेस. एवढ्या बायका, पण एक पुढे आली नाही, सगळ्या भिंतीला. आणि कोण ओरडलं, माहितेय? आई. "बघता काय! रिक्षा आणा!" तिने हातातलं तबक टाकलं आणि आत्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाबा नेमके तेव्हाच ऑफिसमधून आले होते, ते अजून जिन्यातल्या चपला ओलांडत होते.

जवळच्या नर्सिंग होममध्ये नर्सने बोटाला सुई टोचून साखर बघितली, मशीनकडे बघितलं, मशीन हलवलं, दुसरं मशीन आणलं. त्यावर पण तेच. मग ती पळाली. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि आत्याने डोळे उघडले. आईने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यातली ती एकमेव वेळ असेल.

पुढे मोठ्या हॉस्पिटलात आत्याला दाखल करून घेतलं आणि तिथे त्यांनी काय केलं असेल? उपास! खरंच. या रोगाची तपासणीच ती. पेशंटला उपाशी ठेवायचं, नर्स शेजारी, तासातासाला रक्त, आणि साखर कोसळली की त्या क्षणाचं इन्सुलिन मोजायचं. बाबा तिथल्या बाकावर कपाळ धरून बसले. "म्हणजे आपण घरी करत होतो तेच?" मी बोलले, "हो बाबा, फक्त आपण शेजारी सलाईन ठेवलं नव्हतं." तिथल्या रेसिडेंट डॉक्टर, बुटक्या, भरभर बोलणाऱ्या, त्यांनी आत्याला सगळं पहिल्यापासून विचारलं. सासरी सकाळी किती वाजता खायचात? आत्या बोलली, "सगळ्यांचं झाल्यावर. नवी सून ना. अकरा, साडेअकरा." "आणि रात्री?" "तेच. उरलं तर." मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी घरातल्या बाकीच्यांचं विचारलं. बाबा अभिमानाने, "आमच्याकडे कोणाला काही नाही हो. मुतखडा तेवढा, तो सगळ्यांनाच असतो."

"सगळ्यांना?"

"आमच्या घराण्यात असतोच."

मॅडमनी कागद घेतला आणि झाड काढायला लागल्या. चौकोन पुरुष, गोल बाया. आजोबा: खडे, अल्सर, रक्ताची उलटी. त्यांनी चौकोन काळा केला. बाबा: खडे. तोही काळा केला आणि लगेच रक्त काढायला पाठवलं. बाबा, "मला कशाला? मी धडधाकट आहे, पेशंट ती आहे." दोन दिवस हेच चाललं, शेवटी आईने हाताला धरून नेलं. कॅल्शियम जास्त निघालं. त्यावर बाबा काय बोलले असतील? "चांगलंय की, हाडं मजबूत!" मॅडमनी डोळे मिटून घेतले. "काका, उलटं आहे. तुमच्या गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी आहेत, त्यांच्यात गाठी आहेत. त्या हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात टाकतायत. तेच तुमचे खडे." मग त्यांनी सावकाश सांगितलं. एकच बिघाड, रक्तातून आईकडून किंवा वडिलांकडून मुलांकडे येणारा. कोणाच्या गळ्यातल्या ग्रंथीत गाठ करतो, कोणाच्या स्वादुपिंडात, कोणाच्या मेंदूच्या तळाशी. एकाच माणसाला सगळीकडे पण होऊ शकतं. आजोबांचा अल्सर, बाबांचे खडे, आत्याची सकाळ, सगळं त्याचंच. पित्त नाही, तापटपणा नाही. आई खुर्चीत बसली होती ती उठून उभी राहिली. "आणि मुलांना?" मॅडम बोलल्या, "प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता." त्या कागदावर बाबांच्या चौकोनाखाली एक गोल होता, आतून अजून कोरा. तो मी.

आत्याचं ऑपरेशन झालं. वाटाण्याएवढी गाठ, फक्त तेवढी काढली. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती हॉस्पिटलच्या कॉटवर आपली आपण उठून बसली, चहा यायच्या आधी, कोरडी, शुद्धीत, आणि शेजारच्या पेशंटला तिची वेणी घालू का विचारत होती. घरी सोडताना मॅडमनी फाइल दिली. आत्याने विचारलं, "डॉक्टर, लग्न झालं तेव्हापण हेच होतं?" "बहुतेक हेच." "म्हणजे मी वेडी नव्हते?" मॅडम घाईत होत्या, बाहेर लाइन लागली होती, पण थांबल्या. "नाही. उपाशी होतात तुम्ही." आत्या बोलली, "हे लिहून द्याल?" आणि मॅडमनी खरंच लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या, इंग्लिशमध्ये.

त्या चार ओळींसाठी मला एका रविवारी दहिसरला जावं लागलं. मी किती सांगितलं, कशाला? त्याने दुसरं लग्न केलंय, त्याला मुलगा आहे, त्या लोकांना काही पडलेली नाहीये. बाबा बोलले जाऊ नको, आई बोलली जाऊ नको. आत्या बोलली, "मला कोणाकडून काही नको. फक्त त्यांनी वाचावं." माझं डोकं फिरलेलं होतं, कारण माझं रक्त पण शुक्रवारी दिलं होतं आणि रिपोर्ट सोमवारी यायचा होता, आणि मी हिच्याबरोबर उन्हात पत्ता शोधतेय. नवरा घरी नव्हता. सासू होती, म्हातारी, गुडघे धरून चालणारी. तिने ओळखलं. दार पूर्ण उघडलं नाही, पण बंद पण केलं नाही. आत्याने कागद पुढे केला. म्हातारीने तो लांब धरला, जवळ धरला. "इंग्रजी मला येत नाही." मग मी वाचलं. उंबऱ्यात उभं राहून एकेक ओळ मराठीत सांगितली: हिला अमुक आजार होता, साखर कमी झाल्यामुळे वागण्यात बदल व्हायचे, मानसिक आजार नव्हता, आता बरी आहे. आजार घराण्यातून येतो ही ओळ पण मी वाचली, गाळायला हवी होती, पण मी कसली गाळते.

म्हातारीने सगळं ऐकलं. आणि बोलली, "घराण्यातून येतो? मग बरंच झालं बाई, माझ्या घरात तुला पोर झालं नाही. वाईट बी वेळेवर गेलं."

मॅडमचा तो कागद माझ्या डोळ्यांसमोर आला. तो कोरा गोल. मी कागदाची घडी घालायला लागले, आता इथून निघायचं एवढंच डोक्यात. आणि तेव्हा आत्या चिडली. मी तिला हजार वेळा चिडलेलं बघितलंय, उशा फेकताना, शिव्या देताना, पण हे तसं नव्हतं. हात थरथरत नव्हते. घाम नव्हता. आवाज सरळ. "ही माझी भाची. हिच्यात पण असेल कदाचित, उद्या कळेल. सगळ्या बिल्डिंगीने मला देवी करून मारायला घेतलं होतं तेव्हा हिने मला साखर भरवली. हिला वाईट बी म्हणायचं नाही. मला चौदा महिने शिळं खायला घातलंत, वेडी म्हणालात, ते मी आज सोडायला आले होते. नाही सोडत. तुम्ही उपाशी ठेवलंत, आणि तुम्हाला ते कळतसुद्धा नाही, आणि मी ते विसरणार नाही." म्हातारी दाराला धरून उभी राहिली. शेजारचं दार उघडलं, कोणीतरी बघितलं. आत्याने माझ्या हातातून कागद घेतला, पर्समध्ये टाकला, आणि जिना उतरायला लागली.

सोमवारी माझा रिपोर्ट आला. कॅल्शियम जास्त. बाबा पहिल्यांदाच 'आमच्या घराण्यात' असं काही बोलले नाहीत. पुढे काय काय झालं, माझं गळ्याचं ऑपरेशन, दरवर्षीच्या तपासण्या, बाबांना त्यांच्या ऑपरेशनला तयार करायला लागलेली चार वर्षं, त्या वैतागाचं वेगळं लिहावं लागेल. पण त्या सोमवारी संध्याकाळी मी दिवाणावर आत्याच्या शेजारी पडले होते आणि मला एकच प्रश्न पडला होता. इतक्या वर्षांची सवय. मी विचारलं, "आत्या, काल दहिसरला तू काय काय बोललीस, आठवतंय?"

"शब्दन् शब्द," ती बोलली, आणि मला सगळं परत म्हणून दाखवलं.